मोरीपासून एमआयडीसीपर्यंत: रोजच्या वापरातली घातक केमिकल्स कमी करायची तर सुरुवात कुठून करायची

दिवाळीआधीची साफसफाई चालली होती. संडासाच्या भांड्यात टॉयलेट क्लीनर टाकून ठेवलेलं, दहा मिनिटांनी बघते तर कडेचे पिवळे डाग जागच्या जागी, म्हणून वरून दोन चमचे ब्लीचिंग पावडर भुरभुरवली. दार लोटलेलं, एक्झॉस्ट बंद. फस्स करून फेस आला आणि स्विमिंग पूलला येतो तसला वास, पण त्याच्या दहापट, थेट घशात. डोळ्यांतून घळाघळा पाणी, खोकत खोकत बाहेर आले आणि पुढचे दोन दिवस छाती भरल्यासारखी. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधीच विचारलं, काय काय मिसळलंत? टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यात ब्लीचिंग पडलं की क्लोरीन वायू निघतो. दहावीला सायन्सला चांगले मार्क होते हो मला.

आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी मी 'केमिकल फ्री' लिहिलेला महागडा साबण, बांबूचे ब्रश, कसलं कसलं मीठ असं सगळं हौसेने घेत होते, आणि रात्री मुलाच्या पलंगाखाली मच्छर कॉइल जळत होती. तेव्हापासून मी एक क्रम लावून घेतलाय. आधी बंद खोलीतली हवा, कारण श्वास काही आपण थांबवू शकत नाही. मग तोंडात जाणारं. मग अंगाला लागणारं. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच की काय बंद करता येईल, विकत काय घ्यायचं ते नंतर बघू. यातलं बरंचसं फुकटात होतं. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, एका रविवारी एक खोली घ्या.

पहिला रविवार: मोरी, संडास, सिंकखालचं कपाट

सगळ्या बाटल्या बाहेर काढा आणि मागचं लेबल वाचा. ॲसिडवाली एकीकडे, ब्लीच किंवा सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेली दुसरीकडे, आणि मधे शक्यतो एक खोली जाऊ दे, म्हणजे घाईत दोन्ही हातात येणार नाहीत. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे असेल तर तोही ब्लीचपासून लांब, त्यांचंही एकमेकांशी जमत नाही. एका दिवशी एकच वापरायचं, भरपूर पाणी ओतायचं, दार आणि खिडकी उघडी. लादी पुसायला रोज फिनाईल लागत नाही, साबणाचं पाणी पुरतं. नळावरच्या पांढऱ्या क्षारांना व्हिनेगर किंवा लिंबू चालतं (पण तेही ॲसिडच, ब्लीचवर नाही टाकायचं). कामवाल्या मावशींना हे सगळं नीट दाखवून सांगा, हातमोजे आणून द्या, कारण ही केमिकल्स आपल्यापेक्षा जास्त तास त्यांच्या हाताखाली असतात आणि त्या चार घरी चार वेगवेगळ्या बाटल्या हाताळतात.

चुकून मिसळलंच तर वरून आणखी काही ओतायला थांबू नका, श्वास रोखून बाहेर या, जाता जाता खिडकी उघडता आली तर उघडा, आणि अर्धा तास तरी आत कोणाला जाऊ देऊ नका. दम लागला, छातीत घरघर वाटली तर डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची. सायकलवरून सुटं फिनाईल विकणारे येतात, आपण जुनी कोल्ड्रिंकची बाटली पुढे करतो. गावाकडे रॉकेल, टर्पेंटाईन, फवारणीचं उरलेलं औषधसुद्धा त्यातच. तीन वर्षांच्या पोराला बाटलीचा आकार ओळखीचा असतो, ते बूच उघडून तोंडाला लावतं. या बाटल्या आजच रिकाम्या करा. कोणी प्यायलंच तर उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही, कारण ॲसिड वर येताना अन्ननलिका परत जाळतं आणि रॉकेल फुप्फुसात उतरतं. १०८ ला फोन, आणि ती बाटली सोबत दवाखान्यात. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास फोनवर असतं, १८०० ११६ ११७, टोल फ्री आहे. आमच्या फ्रिजवर हे दोन्ही नंबर चिकटवलेत.

दुसरा रविवार: धूर (इथे सगळ्यात जास्त फरक पडतो)

कॉइलपासून सुरू करू. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक अख्खी कॉइल जळताना जेवढे बारीक कण म्हणजे पीएम २.५ सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. खिडक्या लावून, पंखा बारीक करून, मुलाच्या उशाशी हे रात्रभर. मी कॉइल बंद केली आणि त्या जागी जे आणलं ते आजीच्या काळातलंच, मच्छरदाणी. खिडक्यांना जाळी, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा तास खिडक्या बंद, आणि दर रविवारी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर पालथा घालणं. डेंग्यूचा डास दिवसाच चावतो त्यामुळे रात्री कॉइल लावून त्याचं तसंही काही बिघडत नाही. लिक्विडच्या मशीनला धूर नसतो पण ते कीटकनाशकच आहे, लावायचंच असेल तर खिडकीची फट ठेवा आणि झोपताना बंद करा. डास पळवणाऱ्या सुट्या अगरबत्त्या मिळतात, दहा-वीस रुपयांना, त्या मात्र घेऊच नका. घरगुती कीटकनाशकालाही सरकारी नोंदणी लागते आणि पुड्यावर नोंदणी क्रमांक छापावा लागतो, तो नसेल तर आत काय घातलंय ते बनवणाऱ्यालाच माहीत.

धूप-अगरबत्तीचं बोललं की घरात वाद होतात, आमच्याकडे झाला. सासूबाईंचं म्हणणं देवाचा धूर कसला वाईट. शेवटी देवघर पॅसेजमधून खिडकीशेजारी नेलं, अगरबत्ती एक, आणि बाकी वेळ तुपाचा दिवा. त्यांचा खोकला कमी झाला हे त्या अजून मान्य करत नाहीत.

फटाक्यांबद्दल एकच सांगते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये घरोघरी उडवले जाणारे फटाके मोजले तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण निघाले ते सापाच्या गोळीतून. आवाज नाही, ठिणगी नाही म्हणून आपण तीच लहानग्यांच्या हातात देतो आणि ते खाली वाकून साप कसा येतो ते बघतात.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला रंग नाही वास नाही, डोकं जड होतं, गरगरतं आणि माणूस दाराची कडी काढायच्या आत खाली बसतो. गिझर बाथरूमच्या बाहेर गॅलरीत घ्या. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग दार लावून आंघोळ. वरची झरोक्याची खिडकी थंडीत पुठ्ठा लावून बंद करतात ती उघडी ठेवा.

आणि बंब. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, थंडी कडाक्याची, अजून बंबावरच पाणी तापतं. आई पेटवणासाठी दुधाच्या पिशव्या जमवून ठेवायची, भुरुभुरू पेटतात म्हणून. रबराचे तुकडे, तुटकी चप्पल, वायरचं कव्हर सगळं त्यात जायचं. वायरच्या कव्हरमध्ये पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक असतं, ते जळलं की ॲसिडची वाफ आणि डायऑक्सिन नावाची जहाल विषं निघतात, आणि डायऑक्सिन राखेतही उरतं, आणि तीच राख आम्ही भांडी घासायला आणि मेथीच्या वाफ्यात टाकायला वापरायचो. आता पेटवणाला पाचट आणि तुरीच्या वाळक्या काड्या. दादाने बंबाजवळ एक ड्रम ठेवलाय, त्यावर खडूने 'प्लॅस्टिक इथे' लिहिलंय, महिन्याला भंगारवाला नेतो.

धान्याची कोठी

हा विषय कुणी फारसा काढत नाही. एप्रिल-मे मध्ये वर्षाचं धान्य भरताना आपण त्यात काय काय घालतो बघा. तांदळाला बोरिक पावडर, गव्हालाही बोरिक पावडर. तांदूळ निदान तीन पाण्यांनी धुतो, गहू तसाच गिरणीत जातो, म्हणजे पावडर पिठात. काही घरांत पाऱ्याच्या टिकड्या, पारद म्हणतात त्या, कापडात बांधून टाकतात. कापड सुटून टिकडी फुटली की ती निवडताना सापडतेच असं नाही. खाण्याच्या धान्यात पारा घालायचं काहीही कारण नाही.

आणि या सगळ्याच्या वर ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. गोडाऊनसाठी असतात, गावात कृषी सेवा केंद्राच्या ओळखीने घरात येतात. ओलाव्याशी गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो, ३ ग्रॅमची गोळी साधारण १ ग्रॅम वायू देते आणि त्याच्यावर उतारा नाही. कोठी असलेल्या खोलीतच घरचे झोपतात. शहरात ढेकणांसाठी हीच गोळी कोणी स्वस्तात टाकून देतो आणि वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर.

मग टिकवायचं कसं? आई अजून करते तसंच. धान्य तीन दिवस कडक उन्हात, मग सावलीत पूर्ण गार करून (गरम भरलं की आत घाम सुटतो आणि पोरकिडे तिथूनच होतात), गव्हाला हाताला लागेल इतपत एरंडेल चोळून, कोठीत थराथराला सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. डाळींनाही एरंडेल. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर वर्षाचं भरूच नका, महिना-दोन महिन्यांचं आणा आणि रवा-मैदा फ्रिजमध्ये.

स्वयंपाकघर

हळदीपासून. हळकुंडाला चकचकीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट लावल्याची प्रकरणं आपल्या उपखंडात सापडलेली आहेत, लेड म्हणजे शिसं, आणि शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, त्याची सुरक्षित अशी पातळी नाही. एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, घरी करायची सोपी चाचणी दिलीय. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात हळकुंड सोडा, लगेच रंग सुटला तर संशय घ्या. पावडर चमचाभर टाकली तर चांगली हळद फिकट पिवळं पाणी करत तळाला बसते, भेसळीची गडद पिवळं करते. ही चाचणी ढोबळ आहे, पास झाली म्हणजे शंभर टक्के शुद्ध असं नाही. मी मळकट दिसणारी, पॉलिश न केलेली हळकुंडं घेते आणि गिरणीतून दळून आणते. सांगलीची असो की वसमतची, रंगाला भुलायचं नाही. शेंदुरातही शिसं असतं, तो लावलेला हात धुतल्याशिवाय मुलाला भरवू नका. घरात आधीपासून जुना रंग उडतोय, मूल माती-रंगाचे पापुद्रे खातं असं असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी रक्ततपासणी आहे.

भांडी. स्टील सगळ्यात बिनघोर. पितळेला कल्हई हवीच, कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक, चिंच, सोलकढी नको, आणि कल्हईवाल्याला विचारा कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं. माझी नणंद न्यू जर्सीत असते, दर खेपेला इथून हिंडालियमची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) कढई मागायची. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा काही आयात भांड्यांतून शिसं अन्नात उतरतं असा इशारा दिला, तेव्हापासून तिची यादी स्टीलवर आली. ती कढई तिथे नको तर इथे तरी का, म्हणून मीही आमची भंगारात दिली. नॉनस्टिक रिकामा तापवत ठेवू नका, खरवडला की बदला.

गरम आणि प्लॅस्टिक यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ. टपरीवरून चहा पिशवीत बांधून आणणं बंद, किटली न्या. कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो, आयआयटी खरगपूरने २०२० मध्ये दाखवलं की १०० मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं की त्यात साधारण २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण येतात. आणि वडापाव पेपरात! छपाईची शाई गरम तेलात मस्त उतरते. पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांनुसार वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला बंदी आहे, पण गाडीवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा आपला डबा पुढे करा, आमच्या स्टेशनबाहेरचे काका आता मला बघितलं की स्वतःच डबा मागतात.

भाजी लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग वाहत्या नळाखाली चोळून. वरवरचं औषध यात बरंच जातं, आत मुरलेलं जात नाही, म्हणून कोबीची वरची पानं काढा, फळं सालं काढून, आणि एकच भाजी रोज रोज नको. द्राक्षाबद्दल माहेरचा अनुभव सांगते. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे अडवली, बागायतदार त्याला लिओसिन म्हणतात, तेव्हापासून एक्स्पोर्टच्या प्लॉटला लॅब रिपोर्ट आणि पीएचआय म्हणजे फवारणी ते काढणी यातले दिवस काटेकोर पाळतात. लोकल मार्केटच्या मालामागे तेवढं कोणी लागत नाही. त्यामुळे माझी द्राक्षं मिठाच्या पाण्यात जातातच, मग ती दादाच्या बागेतली का असेनात. आंबा कॅल्शियम कार्बाईडने पिकवायला बंदी आहे कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. कच्ची पेटी घ्या, पेंढ्यात आढी लावा, आठ-दहा दिवस धीर धरा.

पाणी बोअरचं असेल तर वर्षातून एकदा तपासा. उकळून जंतू मरतात, फ्लोराईड आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. रिपोर्टमध्ये नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाला अजिबात नको.

धूळ, रंग, कपाट

घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑईल पेंट दारा-खिडक्यांवर असेल तर कोरडा पॉलिशपेपर मारू देऊ नका, ओला करून घासायला सांगा, मुलं आणि गरोदर बाई त्या आठवड्यात दुसरीकडे. एरवीही केर काढण्याआधी ओलं फडकं फिरवा, रांगणारं मूल जमिनीवरचीच धूळ खात असतं.

डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत नकोतच. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटतात. वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला घाला.

सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच. आत थोडा पारा असतो. खिडकी उघडून पंधरा मिनिटं बाहेर, मग जाड कार्डाने तुकडे गोळा करून, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून, झाकणाच्या बरणीत भरून ई-कचऱ्यात. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानात एक्स्चेंजला द्या, गल्लीत फोडली की शिसं मातीत उतरतं.

शेतात फवारणी होत असेल तर

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, उघडं अंग, मिश्रणं. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाऱ्याच्या उलट फवारू नका, दुपारच्या उन्हात नको, मधे तंबाखू-विडी नको. फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत, वहिनी ते वेगळ्या टोपल्यात टाकते आणि दादा आंघोळ केल्याशिवाय पोरीला उचलत नाही.

सोसायटी आणि आजूबाजूचा भाग

सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की चार प्रश्न लेखी विचारा. औषधाचं नाव काय, नोंदणी क्रमांक काय, त्रिकोण कोणत्या रंगाचा, किती तास आत जायचं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं तेव्हा माणूस बिनलेबलचा कॅन घेऊन आलेला, त्याला तसाच परत पाठवला.

कचरा जाळणं हा आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा विषय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड सांगितला. पण वॉचमनकाकांवर ओरडून उपयोग नाही, त्यांना पाला टाकायला जागाच नसते. ती आधी करून द्या.

मी डोंबिवलीत राहते त्यामुळे एमआयडीसीवर बोलल्याशिवाय जमणार नाही. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, आणि स्फोट तर २०१६ च्या मे मध्ये एक, २०२४ च्या मे मध्ये दुसरा, लांबलांबच्या बिल्डिंगच्या काचा गेल्या. अशा ठिकाणी राहत असाल तर तीन कामं.

वासाची वही ठेवा. पाच-सहा घरांनी मिळून तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला, किती वेळ हे लिहायचं. 'रोज वास येतो' अशी तक्रार केली की हवेत जाते, पण तीन आठवड्यांत अकरा वेळा, रात्री एक ते तीन, वारा पूर्वेकडून, असं लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला ईमेल केलं की निदान माणूस रात्री यायला लागतो. पोच घ्या, नाही मिळाली तर माहिती अधिकारात तपासणी अहवाल मागा. नवीन प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर तीस दिवस आधी पेपरात नोटीस येते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, जा आणि लेखी म्हणणं द्या.

दुसरं, गळती झाली तर काय ते घरात आत्ताच ठरवा. बाहेर असाल तर झेंडा किंवा धूर बघून वाऱ्याला आडवं चालत दूर जायचं. घरात असाल आणि वायू आधीच आजूबाजूला पसरला असेल तर खिडक्या, एसी, एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, नाका-तोंडावर ओलं फडकं. क्लोरीनसारखे वायू हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात, त्यामुळे तळमजला सोडून वर. आणि स्फोटाचा आवाज आला की खिडकीत बघायला धावायचं नाही, काचा तेव्हाच लागतात.

तिसरं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघायची सवय. २०० च्या वर असेल त्या दिवशी मुलांचं मैदान आणि आजोबांचं फिरणं दुसऱ्या वेळेला, ३०० च्या वर असेल तर घरातच.

वॉचमनकाकांना आम्ही पार्किंगमागे चार बाय चारचा विटांचा खड्डा करून दिला, पाला त्यात, वर थोडं शेण आणि पाणी. पहिल्या पावसाळ्यात वास सुटला, दोन मेंबरांनी तक्रार केली, मग कळलं की कोणीतरी उरलेली बिर्याणी त्यात टाकत होतं. आता वर जाळीचं झाकण आहे, कुलूपही आहे, आणि किल्ली काकांच्याच खिशात असते.